वावरात ठेवून आले

नारायण पेठ, पुणे
१२ जून २०२४

प्रिय नम्रता,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्यानं लिहीत बसत नाही.

तुझ्या कॉलेजात समाजकार्य विभागाची एक जागा भरायला परवानगी आली, असं माझी भाची स्वराली हिनं मला पाटीवर लिहून दाखवलं. कानावर काही येण्याचे माझे दिवस संपले. एक जागा! तेरा वर्षं तू तासिका तत्त्वावर शिकवतेस. जूनमध्ये आदेश, एप्रिलमध्ये निरोप, आणि मे महिन्यात तुम्ही कोण नि आम्ही कोण. तीन कॉलेजांत मिळून तू आठवड्याला जेवढे तास घेतेस तेवढे मी महिन्यात घेत नव्हते, आणि पेन्शन मला आहे. असो.

तू आता एक्केचाळीस वर्षांची. पुढची जागा निघेपर्यंत तूही माझ्यासारखी बहिरी होशील. तेव्हा ही जागा तुलाच मिळायला हवी, यावर चर्चा नको.

तुझ्याकडे सेट आहे, पीएच.डी. आहे, निबंध आहेत. पुस्तक नाही. माझ्याकडे पुस्तक आहे. भूकंपानंतरच्या बायकांवरचं माझं पुस्तक सत्तावीस वर्षं अभ्यासक्रमात आहे, आणि प्रकाशकांना आता नवी आवृत्ती काढायची आहे. मला ते झेपणार नाही. तू सुधारून दे. मुखपृष्ठावर दोघींची नावं येतील. मुलाखतीच्या आधी छापून देतो असं अवधूतनं, म्हणजे प्रकाशकांच्या मुलानं, कबूल केलंय.

उपकार मानू नकोस, शुद्धलेखन बघ. तुझा प्रबंध वाचताना मी दोनदा चष्मा पुसला होता, आणि दोन्ही वेळा दोष चष्म्याचा नव्हता.

उत्तर पत्रानंच दे. फोन माझ्यापुरता मेला आहे.

तुझी
सुनीतीबाई


खराडी, पुणे
२० जून २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र सहा दिवसांनी पोचलं. पोस्टमनला आमची गल्ली सापडत नाही, सगळे पत्ते त्या आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींतच संपतात असं त्याला वाटतं.

बाई, खरं सांगू? पत्र वाचून मी जिन्यातच बसले. मुखपृष्ठावर माझं नाव! तेरा वर्षांत माझं नाव फक्त फळ्यावरच्या वेळापत्रकात लागलंय, तेही खडूनं. मायला सांगितलं तर तिनं साखरेचा डबा काढून माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. तिला पुस्तकाचं काय कळणार, पण "बाईनी दिलं ना? मग चांगलंच असंल" एवढं म्हणाली. मी कामाला लागलेय. पहिली दोन प्रकरणं झाली. पुनर्वसनाचे नवे कायदे घातलेत, जुनी आकडेवारी बदललीय. शुद्धलेखन तीनदा तपासलंय, तरी तुम्हाला सापडेलच काहीतरी.

एकच विचारायचं होतं. केस अकरा काढली तर चालेल का? आता ती जुनी झालीय. विद्यार्थ्यांनाही ती पाठ झालीय, तिच्यावरचं उत्तर ते न वाचताच लिहितात. त्या जागी मी नवी केस देते, येरवड्याच्या वस्तीतली, पुरात घर गेलेल्या बाईची. माझ्याकडे सगळ्या नोंदी तयार आहेत.

तब्येतीला जपा. यंत्र लावत जा कानाला.

तुमची
नम्रता


नारायण पेठ
२८ जून २०२४

प्रिय नम्रता,

दोन प्रकरणं वाचली. बरी आहेत. 'पुनर्वसन' तू चार ठिकाणी चार तऱ्हेनं लिहिलं आहेस, त्यातलं एक बरोबर आहे.

केस अकरा काढायची नाही.

जुनी झाली म्हणजे काय? माणसं जुनी होतात, केस होत नाही. बाकीच्या एकसष्ट बायकांनी मला जे सांगितलं ते आपत्तीवरच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. शांतानं सांगितलं ते कुठंच सापडत नाही. (शांता हे अर्थात मी दिलेलं नाव.) सव्वीस वर्षांची बाई. नवरा आणि सासू घराखाली गेलेली. दोन मुलं हाताशी, एक दहा वर्षांची मुलगी, एक चार महिन्यांचा मुलगा. ती जखमी मुलीच्या मागे रस्त्याला लागली. आणि मुलाचं काय, असं मी विचारल्यावर डोळ्यांत पाणी न आणता म्हणाली, "धाकट्याला वावरात ठेवून आले." जिवंत मूल शेतात टाकून आलेली आई, आणि ते सांगताना आवाजात कंप नाही! संकटात आई निवड करते, हे मी त्या एका वाक्यावर मांडलं. त्यावर परिषदा झाल्या. मला विभागप्रमुख केलं ते त्या प्रकरणावर, उरलेल्या पुस्तकावर नाही.

'शांताच्या निर्णयाचे परीक्षण करा' हा प्रश्न दहा गुणांना येतो तो उगाच येत नाही. तू स्वतः तेरा वर्षं शिकवते आहेस. आता एकाएकी काय झालं?

येरवड्याची केस परिशिष्टात घाल.

सुनीतीबाई


खराडी
९ जुलै २०२४

आदरणीय बाई,

तुमचं म्हणणं बरोबर आहे. पुस्तक तुमचं आहे, त्यातलं काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवायचं.

उरलेली प्रकरणं सोबत पाठवतेय. सगळं सुधारून झालंय. फक्त माझं नाव मुखपृष्ठावर घालू नका. प्रस्तावनेत आभारात घातलं तरी पुरे. जागेचं बघू काय होतं ते. रागावू नका.

नम्रता


नारायण पेठ
१६ जुलै २०२४

नम्रता,

रागावू नका असं लिहून रागावण्याजोगं काम करायचं, ही पद्धत तू कुठून शिकलीस? माझ्याकडून नक्की नाही.

मी अशी समजूत करून घेते आहे की तुला म्हातारीच्या पुस्तकाला चिकटून वर जायचं नाही. स्वाभिमान. छान आहे. स्वाभिमानाला जूनमध्ये आदेश लागत नाही आणि एप्रिलमध्ये त्याची मुदतही संपत नाही, त्यामुळे परवडणाऱ्यांनी तो जरूर बाळगावा. तुला परवडत नाही. तुझी आई तुझ्याजवळ आहे, तिच्या औषधाला लागतं, हे तूच मला सांगितलं आहेस.

किंवा दुसरं काही असेल तर ते स्पष्ट लिही. मला वाईट वाटलं आहे. हे मी सहसा कुणाला लिहीत नाही, तुला लिहिते आहे.

अवधूतला पंधरा दिवस थांबायला सांगितलंय.

सुनीतीबाई


खराडी
२९ जुलै २०२४

बाई,

हे समोर येऊन सांगायला हवं होतं. दोनदा आले होते. एकदा तुमच्या दारापर्यंत, एकदा नुसती जिन्यापर्यंत. पण तुमच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, खालचा शिंपी मान वर करून बघेल एवढं. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

केस अकरामधली मुलगी मी आहे. तुमची शांता म्हणजे माझी माय, इंदुबाई.

तुम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. तुम्ही तीन गावं केलीत, बासष्ट बायकांशी बोललात. मी पुण्यात आले तेव्हा मामाच्या गावचा पत्ता लावून आले होते. पण मी तुमच्याच कॉलेजात का आले माहीत आहे? मायनं पाठवलं म्हणून. पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा रोज कुणी ना कुणी यायचं, फॉर्म भरायचं, फोटो काढायचं, ब्लँकेट देऊन जायचं. ती म्हणायची, एक पुण्याची बाई आली व्हती, ती खाली चटईवर बसली, माझा चहा पिली आन् माझं ऐकलं. तिच्या शाळेत जाय. बाई, तिनं तुमच्या नावाची चिठ्ठी बारा वर्षं पत्र्याच्या पेटीत जपली होती.

एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या सत्रात लायब्ररीत मी ते पुस्तक उघडलं. गावाचं नाव नव्हतं, तिचं नाव नव्हतं, पण चहाच्या कानतुटक्या कपापर्यंत सगळं होतं. आणि ते वाक्य होतं.

बाई, आमच्याकडे एवढ्याशा लेकराला 'पुरलं' म्हणत नाहीत. तो शब्द आईच्या तोंडातून निघत नाही. 'ठेवलं' म्हणतात. लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. वावरात ठेवून आले म्हणजे आपल्या शेतात त्याला माती देऊन आले. गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही, कारण तुम्हाला शब्द कळला होता. अवघड शब्द असता तर विचारला असतात.

मी तेव्हा बोलले नाही. तुम्ही माझ्या गुरू होतात, माझी फी तुम्ही माफ करून घेतली होती, माझ्या हातात काहीच नव्हतं. मग शिकवायला लागले. तेरा वर्षं मी फळ्यावर 'शांता' लिहिते आणि खाली 'निवड' लिहिते. दरवर्षी साठ-सत्तर पोरं माझ्या मायवर निकाल देतात. कुणी म्हणतं निर्दयी, कुणी म्हणतं अगतिक होती, मुलगी वाचवली म्हणून पुरोगामी. मी त्यांना दहापैकी सहा, सात देते. बाई, मी नोकरी टिकवायला हे केलं. आता त्याच पानांवर माझं नाव छापलं तर मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ?

मायला यातलं काही ठाऊक नाही. ती अजून रोज विचारते, बाई कशा हायत.

नम्रता


नारायण पेठ
९ सप्टेंबर २०२४

प्रिय नम्रता,

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते. लाज वाटत होती.

माळ्यावरून क्षेत्रकार्याच्या वह्या काढायला लावल्या. सतरा फेब्रुवारी चौऱ्याण्णव. माझंच अक्षर. "धाकट्याला वावरात ठेवून आले." खाली दोन रेघा मारल्या आहेत, म्हणजे मला तेव्हाच ते वाक्य फार आवडलं होतं. पुढे लिहिलंय, 'रडत नाही. चहा केला.' बस, एवढंच. 'जिवंत' हा शब्द वहीत कुठंही नाही. तो मी पुण्यात येऊन, या टेबलाशी बसून घातला.

तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की समोरचा जे बोलतो तेच लिहा, पदरचं घालू नका. आणि माझी सगळी कीर्ती पदरच्या एका शब्दावर उभी आहे. मी काय म्हणू? क्षमा कर म्हणायला सोपं आहे. मी तुझ्याकडे मागते. तू देऊ नकोस, लगेच तर मुळीच नको.

अवधूतला काम थांबवायला सांगितलं आहे. आता दोन रस्ते आहेत. एक, केस अकरा नुसती उडवायची. मग पुस्तक महिन्यात निघतं आणि मुलाखतीला तुझ्या हातात असतं. दुसरा, चूक झाली हे छापायचं, आणि त्या जागी इंदुबाईंनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत, त्यांना पुन्हा विचारून. यात वेळ जाईल. पुस्तक मुलाखतीला नसेल आणि जागा बहुधा जाईल.

मी तुझ्या वतीनं ठरवणार नाही. एकदा तुमच्या घराच्या वतीनं ठरवून बसले आहे.

दुसरा रस्ता धरलास तर इंदुबाईंना मला स्वतः भेटायचं आहे.

सुनीतीबाई


खराडी
१९ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई,

दुसरा रस्ता.

फार विचार केला नाही, म्हणून खोटं मोठेपण देऊ नका. उडवली तर सत्तावीस वर्षांत शिकून गेलेल्या पोरांच्या डोक्यात जे बसलंय ते तसंच राहणार. ती पोरं आता सरकारी खात्यात आहेत, संस्थांत आहेत, दुसऱ्यांच्या आयांच्या केसेस लिहितायत.

पण एक भीती आहे, ती तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मी त्या पत्रात एवढ्या ठामपणे लिहिलं, पण मला तरी काय माहीत? माझा पाय तुळईखाली सापडला होता. मला टेम्पोत घालून सोलापूरला नेलं, माय दुसऱ्या दिवशी आली, हात मातीनं भरलेले आणि बाळू नाही. मी विचारलं, तेव्हा मलाही एवढंच म्हणाली, ठेवून आले. त्यानंतर एकतीस वर्षांत एक अक्षर नाही. तो गेल्यावर ठेवला, का जात असताना ठेवला, का… बाई, मला फक्त ते कळू द्या. जे असेल ते. तुमच्यासमोर ती बोलेल. माझ्यासमोर नाही बोलणार.

मी तिला सांगितलंय की बाई येणार आहेत, जुनं परत विचारणार आहेत, लिहिताना त्यांची चूक झाली होती. "असू दे, मान्साचं चुकतंय," म्हणाली. घर झाडायला लागली लगेच.

मुलाखत ८ ऑक्टोबरला आहे, मंगळवारी. तुम्ही १३ तारखेला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या. रविवार आहे. मी घरी असेन. ती बोलेल ते मी तुमच्या पाटीवर लिहून दाखवीन.

तुमची
नम्रता


खराडी
९ ऑक्टोबर २०२४

बाई,

तुम्ही कालच येऊन गेलात! आणि मला पत्ता नाही!

मी मुलाखतीहून घरी आले ती रडतच आले होते, म्हणजे रिक्षात रडून झालं होतं. सात मिनिटं झाली सगळी. "पुस्तक?" "तयार होतंय." "म्हणजे नाही." मग एकानं विचारलं, तेरा वर्षं तासिकेवरच का राहिलात, दुसरीकडे का नाही गेलात? जसं काही दुसरीकडे पायघड्या घातल्या होत्या. नमुना पाठाला फळ्याकडे वळले तोवर दोघं फोनमध्ये. जागा गेली बाई, लिहून ठेवा.

पण दार उघडलं तर माय पलंगावर बसलेली. डोकं विंचरलेलं, ठेवणीतलं लुगडं. म्हणाली, "बाई आल्या व्हत्या. समदं सांगितलं." मला वाटलं, तुमची तब्येत वगैरे बोलली असेल. "न्हाई गं. समदं. बाळूचं. वावरातलं. त्या सकाळचं." 

ती म्हणते, तुम्ही लई ध्यान देऊन ऐकलंत. मधे एक शब्द बोलला नाहीत, वही काढली नाहीत, नजर तिच्यावरून न हलवता तासभर बसलात, तिचा हात हातात घेऊन. "माझ्या आईनं बी असं ऐकलं नसतं," म्हणाली. नंतर दोन भाकरी खाऊन झोपली. दिवसाउजेडी झोपली! मी तिला दुपारी झोपलेली कधी पाहिलेलीच नाही. आज सकाळी शेजारच्या जयाकाकूंशी हसत बोलत होती. तिच्या पाठीवरचं काहीतरी तुम्ही उतरवलंत. माझा सगळा राग गेला बाई. जागेचं दुःख आहे, पण ते मागे पडलंय.

आता मला लिहा. जिवंत होता का नव्हता, ते पहिल्या ओळीत लिहा. बाकीचं मी सावकाश वाचीन.

वाट बघतेय.

तुमची
नम्रता


नारायण पेठ
१५ ऑक्टोबर २०२४

नम्रता,

पहिल्या ओळीत लिहिते. मला माहीत नाही. मला ऐकू आलं नाही.

मंगळवारी मी मुद्दाम गेले. तू घरी नसशील म्हणून गेले. घरचं माणूस समोर असलं की उत्तर बदलतं, मुलाखत एकांतात घ्यावी, हे मी जन्मभर शिकवलं. मला या वेळी सगळं बिनचूक करायचं होतं. स्वरालीला खाली गाडीत बसवलं. रेकॉर्डर नेला नाही, वही नेली नाही, पाटीसुद्धा पिशवीतच ठेवली. त्या बाईसमोर पुन्हा लिहीत बसणं मला शोभलं नसतं. यंत्र होतं कानात. वाटलं होतं, समोरासमोर, शांत खोलीत, ओठांवरून कळेल. स्वरालीचं कळतं मला.

आधी मी माफी मागितली. ती त्यांना समजली, मान हलवली त्यांनी. मग त्या बोलायला लागल्या. पहिली दोन वाक्यं कळली. "तवा उजाडत होतं" आणि "पोरगी टेम्पोत." तेवढ्यात तुमच्या शेजारच्या इमारतीत ते फरशी कापण्याचं यंत्र सुरू झालं आणि कानात नुसती घरघर भरली. आणि बाळूचं आलं तसा त्यांनी पदर तोंडाला लावला. तो शेवटपर्यंत काढला नाही. पदराआड ओठ हलत होते. मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

मी थांबवायला हवं होतं. पदर बाजूला घ्या, जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही. तीन वाक्यं. जिभेवर आली होती ती. पण त्या रडत होत्या, नम्रता. तीस वर्षांपूर्वी ज्या रडल्या नाहीत म्हणून मी परिषदा गाजवल्या, त्या रडत होत्या. त्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू, की पुन्हा सांगा, ओरडून सांगा, शेजारच्या गवंड्यांना ऐकू जाईल असं सांगा तुमचं मूल कसं गेलं ते? मी त्यांचा हात धरला आणि मान हलवत राहिले. तासभर. त्यांचे डोळे बघून कुठं हलवायची ते ठरवत होते.

निघताना त्या माझ्या पाया पडल्या. मी त्यांच्या पडायला वाकले, तर त्यांनी पडू दिलं नाही.

दोन्ही वेळा त्या मला खरं बोलल्या. एकदा मी चुकीचं ऐकलं आणि एकदा ऐकलंच नाही. तू त्यांना विचार. आता बोलल्या आहेत, तुझ्याशीही बोलतील. मी तुझ्या पाया पडते, विचार.

सुनीती


खराडी
२६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र वाचलं. तुमचा राग आला होता, आणि तो सौम्य नव्हता. एकांतात मुलाखत! मी असते तर पाटीवर लिहिलं असतं, निदान मी तरी ऐकलं असतं. आमच्या घरात एकतीस वर्षांनी एकदा दार उघडलं आणि आत कुणी नव्हतं. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नव्हतं, म्हणून लिहिलं.

मायला विचारलं. एकदा भाजी निवडताना, एकदा तिच्या पायाला तेल लावताना. दोन्ही वेळा एकच उत्तर. "पुन्यांदा न्हाई सांगत गं मी. एकदा सांगितलं, झालं. तुला पायजेल तर बाईला इचार, त्यान्ला समदं ठाव हाय." चिडून नाही म्हणाली, समाधानानं म्हणाली. मी जास्त खोदलं असतं तर तिला कळलं असतं की तुमच्याकडे काही नाही. मी खोदलं नाही, आणि खोदणारही नाही. मला कळलं नाही तर नाही कळलं. तिला मात्र हे कधी कळता कामा नये.

जागा दुसऱ्याला मिळाली. यादी लागली. मला दिवाळीनंतरच्या सत्राचा तासिकेचा आदेश आलाय, मी सही केली.

पुस्तकाचं असं करा. चूक झाली हे प्रस्तावनेत छापा, तुमच्या शब्दांत, नाव-गाव न देता. केस अकरा काढून टाका, पण तिच्या जागी काही घालू नका आणि पुढचे आकडे बदलू नका. दहानंतर बारा येऊ द्या. पोरांनी विचारलं तर मी वर्गात काय ते सांगीन. आणि माझं नाव घातलंत तरी आता चालेल.

दिवाळीत या. माय करंज्या करणार आहे, तुमच्यासाठी वेगळा डबा काढून ठेवते म्हणतेय. तुम्ही चटईवर बसू नका, गुडघे आहेत तुमचे, खुर्ची ठेवीन. मी शेजारी असेन, पण पाटी आणू नका, तुम्हाला ऐकू येत नाही हे तिला माहीत नाही. ती तुम्हाला एकच गोष्ट विचारणार आहे, मला रोज विचारते तीच. "बाई, लिव्हलं का समदं?" तिनं तुमच्याकडे बघून तोंड उघडलं की समजा तेच विचारतेय.

मान हलवा, बाई.

तुमची
नम्रता